दारातला प्रश्न

जानेवारीच्या दुपारी आमच्या मयूर विहारच्या सोसायटीतली माणसं एकजात उन्हात बसलेली असत. लॉनवर सतरंज्या, चटया, वेत सुटलेल्या खुर्च्या. कुणी मटार सोलतंय, कुणी स्वेटर विणतंय, मधोमध संत्र्याच्या सालींचा ढीग. ऊन सरकलं की सगळा गोतावळा चटयांसकट सरकायचा. आणि अशा वेळी एक बाई काळी छत्री उघडून, भिंतीला खेटून, सावलीसावलीने चालत यायची. तळमजल्यावरच्या पम्मी भाभी तिला पाहून दर वेळी म्हणायच्या, “लो जी, आ गई बरसात!” कुंदा छत्री जरा वर उचलून हसायची आणि ब्लॉकच्या सावलीत उभी राहून आमच्याशी गप्पा मारायची. आम्ही उन्हात आणि ती सावलीत, मध्ये हातभर अंतर. ते अंतर तिने कधी ओलांडलं नाही.

कुंदा सबनीस आमच्याच जिन्यात, आमच्या वरच्या मजल्यावर राहायची. नवरा मोहन नोएडातल्या एका नव्या कॉम्प्युटर कंपनीत होता आणि ती तिथल्याच एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्सवुमन. नव्वदीच्या दशकाचा मधला काळ होता तो. यमुनेच्या अलीकडची शेतं हटत होती आणि सेक्टर उगवत होते. पेपर उघडला की बिल्डरांच्या जाहिराती. ते सगळे मजले आधी कुंदाच्या ड्रॉइंगबोर्डावर चढायचे. “मजले खरे असतात,” ती सांगायची, “झाडं बिल्कुल खोटी. कागदावर झाडं लावायला काय जातं? बिल्डर म्हणतो, मॅडम, चार पेड़ और डाल दो. मी टाकते.”

तिची माझी पहिली भेट मात्र काही गोड नव्हती. सबनीस राहायला आले त्या वर्षी मी संक्रांतीला तिळगूळ घेऊन वर गेले. बेल वाजवली. दार साखळीपुरतं उघडलं आणि फटीतून प्रश्न आला, “घरात कुणाला ताप, सर्दी, पुरळ?” मला वाटलं, ही मला जनगणनेवाली समजली की काय. मी म्हटलं, “मी खालची विद्या जोशी. तिळगूळ आणलाय.” फटीतून तोच आवाज, तितकाच शांत: “हो, पण ताप, सर्दी, पुरळ?” मी जरा घुश्शातच “नाही” म्हणाले तेव्हा साखळी निघाली. आत आल्यावर तिने मला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाली, “रागावलीस ना, विद्याताई? सगळेच रागावतात. पण मला विचारावंच लागतं.” मग तिने मला ल्युपस हा शब्द सांगितला. मी तो तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

तिने समजावलं ते असं. अंगातलं जे सैन्य बाहेरच्या जंतूंशी लढायचं, ते आपल्याच घरच्यांवर उलटलं होतं. कधी सांधे, कधी त्वचा, कधी मूत्रपिंडं. ऊन लागलं की भडकायचं. त्या सैन्याला गुंगीत ठेवायला रोज स्टिरॉइडच्या गोळ्या घ्यायच्या. आणि ते गुंगीत असलं की बाहेरून येणाऱ्या कुठल्याही लहानसहान तापाला दार उघडं. “म्हणून दारावर मी उभी राहते,” ती म्हणाली. तेव्हापासून मी कधीही वर गेले की बेल वाजवून आधीच ओरडायचे, “ताप नाही, सर्दी नाही, पुरळ नाही!” तरी ती विचारायचीच. तिचं म्हणणं, उत्तर प्रश्नानंतर यावं, आधी नाही.

तिला मोजल्याशिवाय काही पटत नसे. मी म्हटलं, “अंदाजे पाच मिनिटांत येते,” तर लगेच, “अंदाजे म्हणजे किती?” आमटीत गूळ “जरासा” घाल म्हटलं तरी तेच. ऑफिसच्या चार्टर्ड बसमध्ये ती जातानाही उजवीकडे बसायची आणि येतानाही उजवीकडेच. कंडक्टरने एकदा थट्टा केली, मॅडम, जाताना सावली उजवीकडे असेल तर येताना डावीकडे असणार. तिने तिकिटाच्या पाठीवर रस्ता, दिशा आणि दोन वेळचा सूर्य काढून त्याच्या हातात दिला. दुसऱ्या दिवसापासून निम्मी बस उजवीकडे बसायला धावू लागली आणि कुंदाचीच जागा गेली. हे सांगताना ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली होती.

आजाराने तिच्या गालांवर, नाकावरून पसरलेला लालसर पट्टा उमटला होता. दिल्लीच्या बायका म्हणायच्या, “हाय, गाल तो देखो, कश्मीरी सेब!” गोळ्यांनी चेहरा गोल झाला होता, तर महाराष्ट्र मंडळात भेटलेल्या मावशा म्हणायच्या, “आता कशी अंगावर मूठभर मांस चढलंय, छान दिसतेस.” कुंदा सगळ्यांना “थँक्यू” म्हणायची. जिन्यात आलो की माझ्या कानाशी म्हणायची, “यार, या आजाराइतकं कौतुक माझं माहेरी नाही झालं.”

तिचं माहेर करोलबागेतलं. म्हणजे ती मराठी, पण दिल्लीत वाढलेली. डोहाळजेवणाला ती गोदभराई म्हणायची आणि बाळंतविडा म्हणजे खायचा विडा असं तिला लग्नापर्यंत वाटत होतं. तिला मूल हवं होतं. हे ती आडवळणाने सांगत नसे. दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सगळं संपलं होतं. तिच्या डॉक्टरीणबाई कडक होत्या. त्यांनी सांगितलं होतं, आजार वर्षभर पूर्ण शांत राहिला तरच पुढचा विचार. कुंदाने ते वर्ष आलेखाच्या कागदावर काढलं. ब्लडप्रेशरची एक रेघ, लघवीतल्या प्रोटीनची दुसरी. दोन्ही रेघा खाली उतरून आडव्या झाल्या तेव्हा तिने तो कागद मला आणून दाखवला. बारा महिने, एक दिवसही न गाळता.

त्याच सुमारास तिने आमच्या सोसायटीचा सावल्यांचा नकाशा काढला. ट्रेसिंग पेपरवर सगळे ब्लॉक, पाण्याची टाकी, गेट, बसस्टॉप. आणि सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा तीन रंगांत सावल्या. बसस्टॉपकडे जाणाऱ्या रस्त्याला सोसायटीने त्याच पावसाळ्यात कडुनिंबाची रोपं लावली होती, गुडघ्याएवढी. नकाशात त्या रोपांच्या सावल्या तुटक रेघांनी काढलेल्या होत्या आणि त्या पार बसस्टॉपपर्यंत गेल्या होत्या. मी म्हटलं, “हे काय? या काड्यांची एवढी सावली?” ती म्हणाली, “आमच्या कामात जे आहे ते अखंड रेघेने काढतात, जे व्हायचंय ते तुटक रेघेने. पाच वर्षांनंतरची आहे ही. शाळेची बस सकाळी येते ना, तेव्हा एवढी पोचेल. मला स्टॉपपर्यंत सोडायला जाता येईल.” कुणाला सोडायला, ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तिला तेव्हा दुसरा महिना होता.

या वेळी तिसरा गेला, चौथा गेला, पाचवाही गेला. कुंदा ऑफिसातून रजा घेऊन घरी बसली. डॉक्टरीणबाईंनी तिची सगळी जुनी दुखणी विचारून लिहून घेतली होती. लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का, असंही विचारलं होतं. कुंदा मला म्हणाली, “करोलबागेत आमच्या घरी एकदा सगळ्या भावंडांना एकदम आल्या. रांगेत झोपवलं होतं सगळ्यांना. मी आजोळी होते, मला तेवढ्या यायच्या राहिल्या. बाई म्हणाल्या, आता त्या लांबच बऱ्या. ज्याला येऊन गेल्या नसतील त्याला मोठेपणी जड जातात, त्यात तुझ्या गोळ्या, त्यात पोटात बाळ.” मी मान डोलावली. मला हे सगळं माहीत होतं, एवढंच मला इथे लिहून ठेवायचं आहे. मला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही.

सातवा लागला आणि डोहाळजेवणाचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं. तिला आई नव्हती आणि सासू सांगलीला अंथरुणावर. मीच करायचं असं मी ठरवून टाकलं. कुंदा नको म्हणाली. “बाळ हातात येऊ दे, मग दहा जेवणं घाल. आत्ता माणसं नकोत गं.” मी ऐकलं नाही. मी म्हटलं, “दोनदा तुझ्या ओटीत कुणी काही घातलं नाही. आता सातवा लागला, आता कसली भीती? आठच बायका. खिडक्यांना पडदे लावू, ऊन येऊ देणार नाही.” ती बराच वेळ हातातली पेन्सिल फिरवत राहिली. तिलाही हवं होतं, हे मला दिसत होतं. नवी हिरवी साडी तिने आधीच फॉल लावून ठेवली होती, ते मी पाहिलं होतं. शेवटी म्हणाली, “आणि दारावर?”

“दारावर मी उभी राहते,” मी म्हटलं. “एकेकीला विचारते. तू नुसती पाटावर बस.”

“अंदाजे नको हं विचारू, विद्याताई.”

“अंदाजे म्हणजे किती?” मी तिचंच वाक्य तिला ऐकवलं, आणि आम्ही दोघी हसलो.

फेब्रुवारी संपत आला होता. डोहाळजेवण रविवारी. त्याआधीच्या गुरुवारी माझी मनू नर्सरीतून घरी आली, तेव्हा तिच्या डायरीत शाळेची चिठ्ठी चिकटवलेली होती. वर्गातल्या दोन मुलांना चिकनपॉक्स झाला आहे, पालकांनी लक्ष ठेवावं, खाली सही करून पाठवावी. मी गव्हल्यांची खीर करायची की साखरभात, या विचारात होते. चिठ्ठी वाचली. पूर्ण वाचली. सही केली. मनूचं अंग उघडं करून पाहिलं, तर पाठ-पोट स्वच्छ. दोनच तर मुलं आहेत, वर्गात तीस आहेत, असा हिशेब मी केला आणि डायरी दप्तरात टाकली. माझ्या मनात कुंदाचा विचार आला नाही असं मी म्हणणार नाही. आला, आणि मी तो बाजूला सारला. सगळी तयारी झाली होती. आणि मनूशिवाय कसं चालणार होतं? आमच्याकडे ओटी भरताना मांडीवर एक हसतंखेळतं मूल बसवायची पद्धत. ते मूल मनूच असणार, हे कुंदानेच ठरवलं होतं.

रविवारी मी कुंदाच्या दारात उभी राहिले. अगदी तिच्यासारखी, साखळी लावून. एकेकीला विचारलं, ताप, सर्दी, पुरळ? पम्मी भाभी नातवाला कडेवर घेऊन आल्या. त्याचं नाक वाहत होतं. मी म्हटलं, “भाभी, बुरा मत मानना, इसको अंदर नहीं ला सकते.” त्यांनी मानलं. त्या तोंड वाकडं करून नातवाला खाली सुनेकडे सोडून आल्या. मला माझा इतका अभिमान वाटला त्या वेळी! वाहत्या नाकाचं पोर मी परत पाठवलं. आणि माझी मनू परकरपोलकं घालून, केसांत गजरा माळून, माझ्या पायांमधून केव्हाच आत पळाली होती. तिला कुणी विचारायचं? तिला विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. आपल्या घरच्याला कुणी दारात अडवतं का?

पडदे ओढलेल्या खोलीत समईच्या उजेडात कुंदा पाटावर बसली होती. हिरवी साडी, फुलांचे दागिने, आणि तो गोल, लालसर चेहरा. त्या दिवशी तो आजाराचा वाटत नव्हता. आम्ही ओटी भरली, मनूला तिच्या मांडीवर बसवलं. मनू बडबडी. तिने कुंदाच्या गळ्यात हात टाकले आणि तिच्या कानाशी काहीतरी सांगत बसली. मी दारातच होते, उशिरा येणाऱ्या एका बाईची वाट बघत. कुंदाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. सरळ, जरा वेळ. मी हसले आणि सगळं ठीक आहे अशी मान हलवली. तीही हसली आणि तिने मनूला आणखी जवळ घेतलं. मला तेव्हा वाटलं, ही सुखात आहे म्हणून माझ्याकडे बघते आहे.

मंगळवारी आंघोळ घालताना मनूच्या पाठीवर दोन पुटकुळ्या दिसल्या. डास चावले असतील, असं मी मोठ्याने म्हणाले, घरात ऐकायला कुणी नसताना. बुधवारी पोटावर दहा-बारा, पाण्याने टच्च भरलेल्या. पम्मी भाभींनी पाहिलं आणि हात जोडले, “छोटी माता आई है. दवाई मत देना, नीम रख दे सिरहाने.” गुरुवारी सकाळी मी धीर करून इंटरकॉमवरून कुंदाला सांगितलं. वर जायची सोय उरली नव्हती.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, “पहिली पुटकुळी केव्हा दिसली? अंदाजे नको.”

“आज,” मी म्हटलं. लाज माणसाला किती लहान करते! मंगळवार म्हणायला हवं होतं मी.

“बरं,” ती म्हणाली. “मनूची नखं काप. खाजवू देऊ नकोस, डाग राहतात.”

मोहन तिला घेऊन तडक डॉक्टरीणबाईंकडे गेला. फोड दिसायच्या आधीच लागण होत असते, म्हणून त्यांनी बोटांवर रविवारपासून मोजलं. एक इंजेक्शन असतं, त्यात दुसऱ्याच्या रक्तातली तयार ताकद असते. लागण झाल्यापासून चार दिवसांच्या आत द्यावं लागतं. आज चौथा होता. मोहन दिवसभर दिल्लीभर फिरला, दुकानादुकानांतून, एसटीडी बूथवरून मुंबईला फोन लावत. जिथे परदेशी साबणापासून मोटारीपर्यंत सगळं मिळू लागलं होतं, त्या शहरात ते इंजेक्शन नव्हतं. मुंबईहून एका मित्राने विमानाने पाठवलं ते शनिवारी आलं, बर्फाच्या थर्मासमध्ये. बाई म्हणाल्या, उशीर झाला आहे, तरी देऊ. मी मंगळवारी सांगितलं असतं तर ते गुरुवारपर्यंत आलं असतं. हे गणित सोपं आहे. ते मी आजही करते.

मग वाट बघणं. कुंदाने आलेखाच्या कागदावर एकवीस चौकोन आखले आणि रोज एक भरत गेली. पंधराव्या दिवशी तिला ताप आला. दुसऱ्या दिवशी तोंडावर, मानेवर, हिरव्या साडीत झाकलेल्या त्या पोटावर फोड. मनू एव्हाना खपल्या पडून अंगणात खेळत होती. तिला जे आठ दिवसांत बरं झालं, ते कुंदाच्या फुफ्फुसात उतरलं.

इस्पितळात त्यांनी तिला वेगळ्या खोलीत ठेवलं. मला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या होत्या, म्हणून आत जायची परवानगी होती. डॉक्टरीणबाई मोहनला बाहेर समजावत होत्या, ते मी ऐकलं. स्टिरॉइड चालू ठेवावं तर विषाणूला रान मोकळं; एकदम बंद करावं तर ल्युपस उसळणार आणि शरीर कोसळणार. सलाइनमधून विषाणूवरचं औषध चालू होतं, पण त्याचाही भार मूत्रपिंडांवर, आणि मूत्रपिंडं आधीच दुखावलेली. “दोनों तरफ़ से बंद है,” त्या म्हणाल्या. त्या कडक बाईंचे डोळे लाल झाले होते. कुंदा ऑक्सिजनच्या नळीखालून मला खुणेने विचारायची, आलेख भरला का? मी तिच्या खाटेपाशी बसून दोन्ही रेघा काढायचे. इतके महिने खाली ठेवलेल्या त्या रेघा कागदाच्या वर चालल्या होत्या. मी हात आखडता घेतला तर ती म्हणायची, “खरी काढ.”

चौथ्या दिवशी बाळाचे ठोके मंदावले आणि त्यांनी ते काढलं. मुलगी होती. दीड दिवस जगली. कुंदाला तिला हातात घेता आलं नाही, कारण अंगावरचे फोड अजून ओले होते. काचेपलीकडून बघण्याइतकीही ती उठू शकत नव्हती. मोहनने बघितलं, मी बघितलं. तिने मला विचारलं, “केवढी होती?” मी हाताने दाखवलं. ती म्हणाली, “मोजून सांग.” मी नर्सला विचारून वजन आणि लांबी सांगितली. तिने डोळे मिटले आणि ते आकडे पुटपुटत राहिली.

ती वाचली. सगळे म्हणाले, ती वाचली हेच खूप. मीही म्हणाले. पण आजार जागा झाला होता तो पुन्हा झोपला नाही. मूत्रपिंडं दिवसेंदिवस निकामी होत गेली. ऑफिसात दरम्यान ड्रॉइंगबोर्ड जाऊन कॉम्प्युटर आले होते. तिची जागा भरली गेली. मोहनच्या कंपनीने गुडगावला नवं ऑफिस केलं आणि ते दोघं तिकडे गेले, उघड्या माळावर उभ्या राहिलेल्या एका उंच इमारतीत. जाताना ती माझ्याकडे सावल्यांचा नकाशा ठेवून गेली. “इथलाच आहे, तिथे काय कामाचा?” एवढंच म्हणाली.

ती गुडगावला गेल्यानंतरच्या तीन वर्षांत मी तिच्याकडे दोन-चारदाच गेले. अंतराचं कारण सांगायचे. अंतर खरंच होतं. पण मला तिच्या दारातल्या प्रश्नाची भीती वाटायची आणि तो हवासाही वाटायचा. मी ठरवलं होतं, तिने विचारलं की या वेळी खरं सांगायचं. शाळेची चिठ्ठी, माझी सही, मंगळवार लपवून सांगितलेलं “आज”. पण नेमकं मी जायचे तेव्हा मोहन घरी असे आणि दार तोच उघडत असे. मी बसायचे, चहा घ्यायचे, मनूची प्रगती सांगायचे आणि परत यायचे.

शेवटची गेले ती मार्च महिन्यात. तिचं डायलिसिस सुरू झालं होतं. बसने धौला कुआँ, तिथून दुसरी बस, पुढे धुळीतून रिक्षा. इमारतीच्या फाटकापासून दारापर्यंत एक झाड नव्हतं, आणि मला वाटलं, हिने इथली झाडं कधीतरी कागदावर लावली असतील. बेल वाजवली. मला सकाळपासून शिंका येत होत्या. खरं तर मी निघायलाच नको होतं. पावलं ऐकू आली. मी साखळीचा आवाज ऐकायला कान देऊन उभी राहिले.

साखळी नव्हतीच. दार पूर्ण उघडलं. कुंदा उभी होती, काटकुळी, गाल आत गेलेले, त्यांवर कांजिण्यांचे खड्डे. मागच्या उघड्या खिडकीतून सगळं ऊन खोलीत आलं होतं आणि ती त्यातच उभी होती.

“ये,” ती म्हणाली.

मी उंबऱ्याबाहेरच थांबले. वाट पाहिली. तिने काही विचारलं नाही. शेवटी मीच म्हणाले, “कुंदा, मला सर्दी झालीय गं.”

“असू दे. आत ये.”

माझ्याने राहवलं नाही. तिथेच, चपला पायात असताना, मी सगळं सांगून टाकलं. गुरुवारची चिठ्ठी, सही, दोनच मुलं म्हणून केलेला हिशेब, मंगळवारच्या पुटकुळ्या. रडत होते, शिंकत होते. ती दाराला टेकून ऐकत होती. मी थांबले तेव्हा ती म्हणाली, “चिठ्ठीचं मला माहीत नव्हतं. पण मुलांचं माहीत होतं.”

“कसं?”

“मनूनेच सांगितलं होतं, मांडीवर बसल्या बसल्या. कुंदामावशी, आमच्या वर्गातल्या रोहितला फोड आलेत, तो शाळेत येत नाही.”

 मी म्हटलं, “मग उतरवलं का नाहीस तिला? तेव्हाच का नाही उतरवलंस?”

ती जराशी गोंधळली, एवढ्या सोप्या गोष्टीचं उत्तर काय द्यायचं, अशी.

“मी वर बघितलं,” ती म्हणाली. “दारात तू उभी होतीस. मला वाटलं, विद्याताईने विचारलं असेल.”

एवढं बोलून ती चहा टाकायला आत गेली. दार तिने उघडंच ठेवलं होतं. महिन्याभराने ती गेली, तेव्हा मोहनचा फोन आला आणि मी मनूच्या शाळेची डायरी सही करायला पुढ्यात घेऊन बसले होते. त्या कडुनिंबांची सावली आता सकाळी बसस्टॉपपर्यंत पोचते. मनू त्या सावलीतून शाळेत गेली आणि कॉलेजातही. आमच्या दारावर मी साखळी बसवून घेतली आहे, आणि कुणी आलं की फटीतून विचारते. लोक रागावतात. तिच्या त्या उघड्या दारातून मी आत गेले की नाही, ते मात्र मला कितीही आठवलं तरी आठवत नाही.